नव्या सिंगल-शॉट रायफलमध्ये अडकणारी पुंगळी: सांगलीतल्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

रायफल क्लबचे सेक्रेटरी सकाळी गावभागातल्या माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात रायफल घेऊन आले. पॉइंट टू-टू (.२२ इंची), बोल्टची, म्हणजे नळी मागून मिटणारा दांडा हातानं मागेपुढे करायची, एका वेळी एकच राउंड (काडतूस) भरायची. घेऊन चार महिने झालेत आणि पंधराशेच्या आसपास राउंड झाडलेत. परवाना पाहिला, नळीवरचा नंबर रजिस्टरला चढवला, क्लबचं पत्र फाईलला लावलं. हे आधी, बाकीचं नंतर, असा आप्पांच्या वेळेपासूनचा नियम आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे नुसती दुरुस्तीच नव्हे, तर चाचणीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही.

तक्रार दोन प्रकारची. एक, बोल्ट मिटताना शेवटच्या टप्प्याला जड लागतो. दोन, फायर झाल्यावर बोल्ट मागे घेतला की दहातल्या तीन-चार वेळा पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं, आतच राहते. मग नळीच्या तोंडातून क्लीनिंग रॉड घालून ती मागे ढकलायची. ही रायफल प्रामुख्यानं तासगावकडची एक मुलगी वापरते. बारावीला आहे. मागच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तेव्हापासून आमच्या भागात या प्रकाराकडे वळणारी मुलं वाढली. या मुलीचं नाव मात्र त्याच्या दोन वर्षं आधीपासून क्लबच्या वहीत आहे.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल असं सेक्रेटरींना वाटतं. मी तसं धरून चालणार नाही. आत जाताना जड आणि बाहेर येताना जड, ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, बोटाएवढा दिवा सोडून पाहिलं. कारखान्यातून गंज धरू नये म्हणून लावलेलं ग्रीस पुढच्या भागात अजून शाबूत होतं. चार महिने कुणी ते नीट काढलंच नव्हतं. त्यात मेण आणि काजळी मिसळून तपकिरी थर झालेला. सॉल्व्हंट आणि ब्राँझचा ब्रश, तीन वेळा. कापड पांढरं बाहेर येईपर्यंत.

सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, झाडलेल्या पुंगळ्या असतील तेवढ्या पाठवा. अडकलेल्या आणि न अडकलेल्या वेगळ्या असतील तर उत्तमच.

७ जानेवारी

पुंगळ्या आल्या. पेढ्यांच्या दोन खोक्यांत, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: ‘अडकलेल्या’, ‘सुटलेल्या’. अक्षर त्या मुलीचं. कुणी सांगितलं नसताना तिनं हे वेगळं ठेवलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोठी मदत नाही. लोक बंदूक आणून देतात आणि पुंगळ्या कचऱ्यात टाकतात; आत काय झालं ते सगळं त्या पितळेवर लिहिलेलं असतं.

अडकलेल्या चौदा, सुटलेल्या सदतीस. दहापट भिंगाखाली सगळ्या पाहिल्या. दुपारचं जेवण राहिलं.

अंगावर लांबीच्या दिशेनं एक बारीक ओरखडा आहे. अडकलेल्या चौदांवर आहेच, पण सुटलेल्यांपैकीही बहुतेकांवर आहे, फक्त फिका. कडेपासून सुरू होतो आणि तोंडाकडे विरत जातो. आता हा ओरखडा रायफलमध्ये कुठल्या बाजूला पडतो हे कळायला हवं. प्रत्येक राउंडच्या बुडावर मार्करनं खूण करून, ती वर ठेवून फायर करायचं, अशी योजना मी वहीत लिहिलीही. आणि मग लक्षात आलं की खूण तर आधीच आहे. रिमफायरमध्ये पिन बुडाच्या कडेवर आदळते. या रायफलमध्ये पिनचा खड्डा नेहमी वरच्या बाजूला, घड्याळाच्या बाराला पडतो. म्हणजे प्रत्येक पुंगळी स्वतःची दिशा सांगत आलेली आहे.

एक्कावन्नच्या एक्कावन्न पुंगळ्या पिनचा खड्डा वर करून मातीच्या पट्टीत रोवल्या. ज्यांच्यावर ओरखडा आहे त्यांचा तो खड्ड्याच्या बरोबर रेषेत. एकाचाही इकडेतिकडे नाही.

राउंड भरताना तो कुठल्याही अंशात फिरलेला असतो. दोष राउंडचा असता तर ओरखडे चहूकडे विखुरले असते. म्हणजे ओरखडा काढणारी वस्तू रायफलमध्ये आहे आणि ती बाराला आहे. राउंड ठेवायची पन्हळ खाली, सहाला असते, तेव्हा तिच्यावर संशय नाही. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा बोल्टवरचा आकडा, उजवीकडे, तिनाला. त्याच्यावरही नाही.

मायक्रोमीटरनं मापं: कोऱ्या राउंडची पुंगळी ५.७२ मि.मी. झाडलेली बुडाजवळ आडवी ५.८०, उभी ५.७७. गोल नाही, किंचित अंडाकृती. चपटेपणा पुन्हा बाराच्याच बाजूचा.

९ जानेवारी

थोडं पुंगळीबद्दल, कारण उद्या सेक्रेटरींना समजावायचं आहे.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ चं. त्याची गोळी आणि पुंगळी जवळजवळ एकाच जाडीची, गोळीची शेपटी बारीक करून आत बसवलेली. त्यामुळे पुंगळी सरळ नळकांडं असते. मोठ्या रायफलची पुंगळी निमुळती असते. ती पाव मिलिमीटर मागे सरकली की चहूबाजूंनी मोकळी होते. ही सरळ पुंगळी सगळी लांबी, १५.६ मि.मी., घासतच बाहेर येते. चेंबरमध्ये बारीकशीही खोड असली तर ती शेवटपर्यंत नडते. दाब कमी असतो म्हणून पितळही पातळ. फायर झाल्यावर ते फुगून पोलादाला चिकटतं आणि दाब उतरला की केसभर आकसतं. त्या केसभर आकसण्यावर सगळं एक्स्ट्रॅक्शन उभं आहे.

बोल्ट मिटताना जड लागणं हा वेगळा विषय आहे आणि तो बहुतेक दोष नाहीच. स्पर्धेच्या रायफलचं चेंबर आखूड ठेवतात, गोळीचं नाक नळीतल्या आट्यांत (गोळीला फिरकी देणाऱ्या चऱ्यांत) किंचित रुतावं म्हणून. खात्रीसाठी एक राउंड भरला, बोल्ट मिटला आणि न झाडता हळूच काढला. गोळीवर आट्यांचे ठसे एकसारखे, चहूकडे. हे बरोबर आहे. गेजनंही पाहिलं: १.०९ मि.मी.च्या गेजवर बोल्ट मोकळा मिटतो. पहिल्या तक्रारीपुढे वहीत ‘दोष नाही’ लिहिलं. मुलीला एवढंच सांगायचं की भरलेला राउंड न झाडता काढताना नळी खाली-वर करू नकोस; गोळी रुतून राहिली तर पुंगळी एकटी बाहेर येते आणि दारू बोल्टमध्ये सांडते.

१२ जानेवारी, रविवार

क्लबच्या रेंजवर. सकाळी थंडी, हाताला नळी गार लागत होती. नेम मुलीचा, नोंदी माझ्या.

ग्रीस काढल्यानंतरची ही पहिली चाचणी. रोजच्या लॉटचे (काडतुसांच्या एका खेपेचे) ४० राउंड: ११ अडकल्या. दुसऱ्या लॉटचे २०: ५ अडकल्या. तोच पहिला लॉट क्लबच्या जुन्या रायफलमधून २०: एकही नाही. म्हणजे काडतुसं निर्दोष, आणि ग्रीसनं फारसा फरक पडलेला नाही.

ती पडून झाडत असताना मी बाजूला बसून बोल्ट बघत होतो. अडकते तेव्हा हाताला काय लागतं ते तिला विचारलं. ती म्हणाली, “काका, आधी अडल्यागत होतं, मग टक् करून सुटतं आणि बोल्ट रिकामाच मागं येतो.” हे ‘टक्’ म्हणजे एक्स्ट्रॅक्टरचा आकडा रिमवरून, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेवरून, घसरल्याचा आवाज. ते तिनं हातानं ओळखलं होतं.

रॉड घालून पुंगळी ढकलताना नळीचं तोंड खराब झालं नाही ना, ही मला काळजी होती. भिंगानं पाहिलं. कड शाबूत आहे. तिचा रॉड प्लास्टिकचं आवरण असलेला आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

दुकान अर्धा दिवस. काम नाही.

१६ जानेवारी

एक्स्ट्रॅक्टर खोलला. आकडा, त्यामागे छोटी दांडी आणि स्प्रिंग. खाचेच्या तळाशी तेच ग्रीस, पण इथे वाळलेल्या काकवीसारखं घट्ट. सुईनं खरवडून काढावं लागलं. या थरामुळे आकडा आत पूर्ण जातच नव्हता. पुंगळ्यांच्या रिमवर त्याचा चावा नुसत्या बाहेरच्या कडेला दिसतो, त्याचं कारण हे.

आकड्याचा पुढचा चेहराही भिंगाखाली पाहिला. तो रिमला काटकोनात भिडायला हवा. इथे तो किंचित मागे उतरता आहे, म्हणजे ओढ वाढली की आपण होऊन घसरणार. पण आज त्याला हात लावला नाही. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे कशानं गुण आला ते कळतं. नुसता साफ करून, एक थेंब तेल देऊन बसवला.

१९ जानेवारी, रविवार

रेंजवर ४० राउंड: ४ अडकल्या.

सेक्रेटरी खूश. “झालं की! दहात एकच. थोडी वापरात मोकळी होईल.”

मी मान्य केलं नाही. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून वीस-वीस असे साठ शॉट असतात. दहात एक म्हणजे साठात सहा वेळा उठायचं, रॉड घ्यायचा, पुन्हा पट्टा बांधायचा, पुन्हा श्वास जुळवायचा. ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. आहे. तिथे एवढी मोडतोड झालेला नेमबाज कसा टिकणार? आणि बाराचा ओरखडा तर आजच्या चाळीसही पुंगळ्यांवर आहे. आकडा जोरात ओढू लागला म्हणून पुंगळी सुटते आहे. ती अडते कशावर ते तसंच राहिलंय. स्प्रिंग अजून कडक केली तर एके दिवशी पातळ रिम फाटेल.

२० जानेवारी

आज दिवसभर तीन साक्षी काढल्या. एकटा ओरखडा हा पुरावा मला पुरत नाही, कारण पुढचं काम नव्या कोऱ्या चेंबरमध्ये हत्यार घालायचं आहे. तिथून गेलेलं पोलाद परत येत नाही.

पहिली साक्ष. याच रायफलमधून झाडलेली पुंगळी पिनचा खड्डा वर ठेवून बोटानं आत सरकवली. सहज गेली. बाहेर काढून अर्धी फिरवली, खड्डा सहाला. आता ती शेवटच्या दीड मिलिमीटरला अडली. पुन्हा खड्डा वर: सहज. सहा पुंगळ्यांवर हाच प्रकार. फायर होताना पुंगळीनं चेंबरच्या त्या खोडीचा साचा उचललेला असतो, म्हणून त्याच दिशेनं ती बसते.

मग त्या अडकवलेल्या पुंगळीला किती जोर लागतो ते मोजलं. नळी उभी धरून शिकंज्यात लाकडाच्या जबड्यांत पकडली, तोंड वर. पितळी रॉड आत सोडला, त्याला तोंडाशी घासू नये म्हणून टेप गुंडाळलेली. रॉडच्या माथ्यावर लाकडी चकती आणि चकतीवर आईच्या जुन्या तराजूची वजनं. रॉड स्वतः दोनशे ग्रॅम. अर्धा किलो ठेवला, काही नाही. एक किलो, काही नाही. एक किलो आणि पाव, आणि पुंगळी खाली ठेवलेल्या ताटलीत टणकन पडली. सहा पुंगळ्या, सव्वा ते पावणेदोन किलोच्या दरम्यान.

दुसरी साक्ष, काजळ. देवघरातली निरांजन घेतली, पुंगळी तिच्या ज्योतीवर फिरवून काळी केली. आप्पा हे करायचे तेव्हा मला वाटे की घासणारी जागा दाखवणारा निळा रंग मिळत नव्हता म्हणून करत असतील. पण काजळाचा थर इतका पातळ बसतो की जिथे धातू धातूला खरंच लागतो तिथेच तो पुसला जातो. बाकी कुठे फसवत नाही. काळी पुंगळी सरळ आत, सरळ बाहेर. बाराला, कडेपासून आत, तांदळाच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका आणि त्यातून निघालेली एक रेघ. उजवीकडे एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेशीही बर (उचललेली धातूची कड) असेल अशी मला शंका होती. तिथलं काजळ अखंड राहिलं.

तिसरी साक्ष, चेंबरचा ठसा. सेरोसेफ नावाचा बिस्मथचा मिश्रधातू येतो. तो ७० ते ८८ अंशांच्या दरम्यान वितळतो, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातही होतो. नळीत चेंबरच्या जरा पुढे कापडाचा बोळा, चेंबर किंचित कोमट, आणि धातू ओतला. हा धातू गार होताना आधी आकसतो, म्हणून ठसा लगेच सुटतो. मग हळूहळू फुगत साधारण तासाभरानं चेंबरच्या बरोबर मापाला येतो. म्हणून तास भरल्याशिवाय मायक्रोमीटर लावायचा नाही.

ठसा हातात घेतला आणि शोध संपला. मागची कड गोल असायला हवी, तिथे बाराला नखाच्या चंद्रासारखी खाच. म्हणजे चेंबरमध्ये तेवढं पोलाद आत ढकललं गेलेलं. खोली ०.०५ मि.मी. बाकी चेंबर मापात: मागे ५.८३, पुढे जरा कमी. मधल्या भागात तिरप्या उजेडात रीमरच्या, म्हणजे चेंबर कोरणाऱ्या हत्याराच्या, फिकट रिंगा दिसतात. त्यांची नोंद करून ठेवली.

२१ जानेवारी

कड तिथेच का दबली? बाराला पिन येते. बोल्टच्या चेहऱ्यातून पिन किती बाहेर येते ते डायल गेजनं मोजलं: १.१६ मि.मी. बोल्टचा चेहरा आणि नळीचा चेहरा यांच्यातलं अंतर: १.१२. म्हणजे राउंड नसताना ट्रिगर दाबला तर पिन ०.०४ नं पुढे जाऊन थेट नळीच्या कडेवर आदळणार. राउंड असताना मध्ये पितळ असतं, काही होत नाही. रिमफायरची पिन या अंतरापेक्षा स्पष्ट आखूडच हवी. एक मिलिमीटरच्या आतली मला समाधानाची वाटते.

आता एकच प्रश्न उरला: रायफल रिकामी किती वेळा चालवली गेली?

२२ जानेवारी

मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली. वडिलांची द्राक्षबाग आहे, छाटलेल्या मालाची गाडी मार्केटला सोडून तसेच आले होते. मी विचारलं, ड्राय प्रॅक्टिस करतेस का?

“रोज करते. पहाटे शंभर. सरांनी सांगितलंय.”

मी ठसा तिच्या हातावर ठेवला आणि भिंग दिलं. खाच तिला लगेच दिसली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “काका, माझ्यामुळं झालं का हे?”

तिला काय सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण क्लबातल्या बाकीच्यांनीही हे वाचावं. नाही, तुझ्यामुळं नाही झालं. ड्राय प्रॅक्टिस केल्याशिवाय ट्रिगर कळत नाही, जगातला प्रत्येक रायफल नेमबाज ती करतो. पिन मापात असती तर तू रोज हजार वेळा ट्रिगर दाबला असतास तरी ती नळीला शिवली नसती. चार शतांश मिलिमीटर जादा आहे ते कारखान्यातून आलंय. तू शिस्तीनं सराव केलास म्हणून दोष चार महिन्यांत बाहेर पडला. आळस केला असतास तर दोन वर्षांनी पडला असता, ऐन स्पर्धेत.

वडील म्हणाले, “मग दुरुस्त होईल का, का नवी नळी?”

होईल, म्हटलं.

२३ जानेवारी

बनवणाऱ्यांना मापं आणि ठशाचा फोटो पाठवला. रायफल नवी आहे, त्यांना न विचारता हात लावणं बरोबर नाही.

२८ जानेवारी

त्यांचं लेखी उत्तर आलं. पिन मापात घ्यायला आणि कड बसवायला हरकत नाही म्हणतात, सोबत दोन नव्या पिना. मोजल्या: १.१६ आणि १.१५. म्हणजे एक पिन चुकलेली नाही, त्यांचं मापच चुकलेलं आहे. तेही लेखी कळवलं. या बनावटीच्या बाकीच्या रायफलीही कुणाच्या तरी मुलांच्या हातात आहेत. क्लबचं संमतीपत्र फाईलला लावलं.

३० जानेवारी

कड बसवण्याचं काम. इथे कानस किंवा दगड लावायचा नाही. लोक बर दिसला की घासून टाकतात; मग तिथे खड्डा राहतो, पुढचं पितळ त्या खड्ड्यात फुगतं आणि नवं दुखणं सुरू होतं. आत ढकललेलं पोलाद कुठे गेलेलं नाही, ते जागेवर परत ढकलायचं.

त्यासाठी हत्यार लेथवर केलं. सिल्व्हर स्टीलची कांडी, पुढे ५.७० आणि मागे ५.८२, हळू निमुळती. एका बाजूनं चपटी केली, म्हणजे ती फक्त वरच्या बाजूला दाब देईल. पाणी दिलं, गवती पिवळ्या रंगावर उतरवली, आणि मग पॉलिश, तिच्यात खिडकीचे गज स्पष्ट दिसेपर्यंत. हत्यार जेवढं गुळगुळीत तेवढीच कड गुळगुळीत बसते.

तेलाचं बोट फिरवून कांडी आत घातली, बर सापडेपर्यंत. हाताला बारीक अडथळा लागतो. तिथे दाबून पाच-सात अंश इकडे, पाच-सात अंश तिकडे. हातोडा नाही. काढायची, पुसायची, काजळ लावलेली पुंगळी घालून बघायची. आठव्या खेपेला ठिपका निम्मा. चौदाव्या खेपेला काजळ अखंड बाहेर आलं.

पुन्हा वजनं. पुंगळी फिरवून घातली तरी बोटानं पूर्ण बसली, आणि नुसत्या रॉडच्या दोनशे ग्रॅमनं खाली पडली.

पिन ऑइल स्टोनवर घेतली: १.१६ वरून ०.९६. टोक गोल ठेवलं. टोकदार राहिलं तर रिमला भोक पडतं आणि गॅस मागे येतो. आकड्याचा उतरता चेहरा दोन घासांत काटकोनात आणला.

२ फेब्रुवारी, रविवार

६० राउंड, स्पर्धेसारखे सलग. पिनचे खड्डे एकसारखे खोल, एकही राउंड मिस नाही. दर पाचवा शॉट झाला की मी पुंगळी हातात घेऊन बघत होतो: ओरखडा नाही.

सत्तेचाळिसावी अडकली.

एकच. पण ती ओरखड्याशिवाय अडकली, म्हणजे कारण दुसरं आहे. घरी येऊन तिरप्या उजेडात पाहिली. मधल्या भागात फिकट रिंगा. ठशावर २० तारखेला दिसलेल्या त्याच. नळी तापली, चेंबरमध्ये मेण-काजळी साठली, आणि पितळ रीमरच्या रेघांत बसलं.

४ फेब्रुवारी

रिंगांना हात लावायचा की नाही, यावर दोन दिवस घालवले. सकाळी मिरजेला एका सतारमेकर मित्राकडे गेलो होतो, दुसऱ्याच कामासाठी. तो तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नाद जुळवत, बसला होता. मिरजेची ही सगळी परंपरा शिकलगारांची. फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सतारी करायला घेतल्या त्याआधी ही घराणी तलवारी आणि शस्त्रं उजळायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मित्र घोडीवर कानस दोनदा ओढायचा, तार छेडायचा, कान लावून थांबायचा, पुन्हा दोनदा. मध्येच म्हणाला, “एक हात जास्त झाला तर घोडीच बदलावी लागते.” माझ्याकडे बदलायला घोडी नाही, नळी आहे.

दुपारी चिरलेल्या लाकडी कांडीवर फेल्ट गुंडाळून धातूचं बारीक पॉलिश लावलं. हातानं दहा फेरे. स्वच्छ करून ठसा, तासभर थांबून माप. पुन्हा दहा. चार खेपा, चाळीस फेरे. रिंगांच्या कडा मऊ झाल्या, रिंगा पूर्ण गेल्या नाहीत. माप जागच्या जागी, ५.८३. इथेच थांबलो. चेंबर मोठं करून मिळणारी सुटका मला नको; त्यानं गोळ्या एकाच जागी लागणं बिघडेल.

९ फेब्रुवारी, रविवार

८० राउंड, दोन्ही लॉट. एकही अडकली नाही. साठाव्यानंतर ओढ किंचित वाढते, पण आकडा घसरत नाही. पडून झाडलेले शेवटचे दहा शॉट एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले.

मध्ये तिनं बोल्ट मागे घेतला, पुंगळी उजवीकडे पडली, आणि तिनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर निशाण्यावरच. महिनाभर मला हेच हवं होतं.

११ फेब्रुवारी

रायफल परत. रजिस्टरवर सही घेतली. सोबत कागदावर लिहून दिलं: दर दोनशे राउंडला चेंबरचा पुढचा भाग ब्रशनं साफ, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत तेल एकच थेंब, ग्रीस कधीच नाही. पाचशे राउंडनंतर पुंगळ्या दाखवायला आणाव्यात, अडकल्या असोत नसोत.

पिन आता नळीला लागत नाही, तरी ड्रायसाठी भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात ते पिवळे प्लास्टिकचे प्लग मापानं निवडून तिला डझनभर दिले. चेंबरमध्ये ते नीट बसतात; दर वेळी थोडा फिरवायचा आणि चेपला की टाकून द्यायचा. तिनं पेढ्यांचं रिकामं खोकं पुढे केलं, प्लग त्यात ठेवले आणि झाकणावरची ‘अडकलेल्या’ ही चिठ्ठी सोलून काढली.